स्वतंत्र वायरमनची मीटरखरेदी: पैसे कुठे घालायचे, कुठे वाचवायचे

मीटर घेताना बहुतेक जण फंक्शन्स मोजतात. त्याआधी मीटरवर लीड खुपसायच्या सॉकेटांशेजारी काय छापलंय ते वाचा. डीबी (एमसीबींचा बोर्ड), मेन स्विच, पंपाचा स्टार्टर अशा ठिकाणी काम करायचं तर किमान कॅट ३ (मीटरचा सुरक्षा-वर्ग, छपाईत रोमन तीन), ६०० व्होल्ट हवं. दोन-तीनशे रुपयांच्या पिवळ्या मल्टिमीटरवर १० अँपिअरच्या सॉकेटशेजारी बहुधा ‘अनफ्यूज्ड’ असंच लिहिलेलं असतं. लीड त्या सॉकेटात राहून गेली आणि टोकं फेज-न्यूट्रलला लागली, की मीटरमधूनच सरळ शॉर्ट. काचेचा फ्यूज असला तरी मोठ्या शॉर्टला तो फुटतो आणि आर्क चालूच राहू शकतो. वाळू भरलेला सिरॅमिक एचआरसी फ्यूज आर्क आतच विझवतो.

म्हणून पहिला पैसा मल्टिमीटरवर नको, क्लॅम्प मीटरवर (वायरीभोवती जबडा लावून करंट मोजणारा) घाला. करंट जबड्यानेच मोजायचा असल्याने बहुतेक क्लॅम्प मीटरना अँपिअरचं सॉकेटच नसतं, त्यामुळे वरची चूक होऊच शकत नाही. व्होल्ट, ओहम, कंटिन्युइटी त्यातच मिळतं. ट्रू आरएमएस (वेव्हचा आकार कसाही असो, खरं मूल्य दाखवणारं) हवंच. साधा मीटर साइन वेव्ह गृहीत धरतो. स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर तो सुमारे ११ टक्के जास्त दाखवतो, आणि एलईडी ड्रायव्हर, एसएमपीएसचा (टीव्ही-कॉम्प्युटरमधल्या पॉवर सप्लायचा) करंट बराच कमी. सोलरची कामं घेणार असाल तर एसी-डीसी क्लॅम्प घ्या. फक्त एसीचा जबडा पॅनेलच्या डीसी वायरवर शून्यच दाखवेल. स्ट्रिंगचं (सिरीजमध्ये जोडलेल्या पॅनेलांचं) व्होल्टेज ६००च्या वर जात असेल, तर मीटर आणि लीड दोन्ही १००० व्होल्टचे लागतात.

लो-झेड (कमी इम्पीडन्सची) रेंज मिळाली तर थोडे जास्त पैसे द्यायला हरकत नाही. एकाच पाइपातून गेलेल्या बंद वायरवर डिजिटल मीटर ६०-८० व्होल्ट दाखवतो, आणि नसलेला फॉल्ट शोधण्यात दुपार जाते. लो-झेडवर हे खोटं व्होल्टेज खाली बसतं. टेस्ट लॅम्पही हेच काम करतो. पण फेज-अर्थमध्ये लावला तर १५ वॉटचा दिवासुद्धा ६५ मिलिअँपिअर खेचतो आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (लीकेज झाल्यावर सप्लाय तोडणारा ब्रेकर) पडतो.

खिशातला निऑन टेस्टर फेज ओळखायला ठेवा. सप्लाय बंद असल्याची खात्री त्यावर करू नका. लाकडी स्टुलावर, रबरी चपलेत तो मंद लागतो किंवा लागतच नाही. आधी चालू पॉइंटवर मीटर तपासा, मग बंद केलेल्या वायरी, मग पुन्हा चालू पॉइंट.

दुसरी खरेदी मेगर, म्हणजे जास्त व्होल्टेज लावून वायरीचं इन्सुलेशन तपासणारा मीटर. खूप जण ती टाळतात आणि पावसाळ्यात तेच महागात पडतं: ओल्या भिंतीतल्या कन्सिल्ड पाइपात पाणी शिरलं, की आरसीसीबी उगाचच पडत राहतो आणि मल्टिमीटरचा ओहम रेंज सगळं ठीक दाखवतो, कारण त्याचं व्होल्टेज फार कमी. घरगुती कामाला ५०० व्होल्ट डीसीची एक रेंज पुरते. २५० असेल तर उत्तम, ५००० व्होल्टवाल्यावर पैसे नकोत. मेन बंद करा, एसपीडी (सर्जपासून वाचवणारं उपकरण) काढा, दिवे, फॅन रेग्युलेटर, गीझर, फ्रिज सोडवा, सगळे स्विच चालू ठेवा. मग फेज-न्यूट्रल एकत्र जोडून अर्थशी मोजा. एसपीडी तसाच राहिला तर रीडिंग खोटंच कमी येईल. एलईडी ड्रायव्हर राहिले तर जळू शकतात. १ मेगाओहमच्या खाली सर्किट चालू करायचं नाही. नव्या वायरिंगला दहा-वीस मेगाओहमच आलं तर तेही शोधण्याजोगं आहे.

जुना मेगर घ्यायला हरकत नाही, पण दुकानातच तपासा. लीड मोकळ्या: अनंत. टोकं जोडून: शून्य. त्यानंतर १ मेगाओहमचे चार रेझिस्टर सिरीजमध्ये जोडून ४ मेगाओहम दिसतात का बघा. एकच पाव वॉटचा रेझिस्टर वापरू नका. तो साधारण २५० व्होल्टचाच असतो.

आरसीसीबी टेस्टर तिसऱ्या क्रमांकावर. आरसीसीबीवरचं टेस्ट बटण आतल्याच रेझिस्टरमधून करंट सोडतं, त्यामुळे आरसीसीबी पडला म्हणजे अर्थिंग चांगलं, असं ठरत नाही. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी १५ला पडू नये, ३०ला ३०० मिलिसेकंदांत आणि १५०ला ४० मिलिसेकंदांत पडावा. तोवर लीकेजचा अंदाज क्लॅम्पवर येतो: फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकदम जबड्यात घ्या, उरेल ते लीकेज. मात्र साध्या क्लॅम्पचा ०.०३ अँपिअरचा आकडा हा इशारा समजा, माप नव्हे.

अर्थ टेस्टर (अर्थिंगचा रोध मोजणारा) भाड्याने आणा, किंवा दोघा-तिघांत मिळून घ्या. फ्लॅटच्या कामात टाइल्स आणि काँक्रीटमध्ये स्पाइक ठोकणार कुठे? बंगला, शेड, शेतातला पंप इथेच तो लागतो. मेन बंद करून अर्थ वायर इलेक्ट्रोडपासून सोडवा, करंट स्पाइक २० मीटरवर आणि मधला साधारण साडेबारा मीटरवर ठोका. मधला मीटर-दीड मीटर मागेपुढे केल्यावर आकडा फारसा हलला नाही, तरच तो धरायचा. हलला तर लांबचा स्पाइक आणखी दूर न्या.

नाशिकच्या ऋषभ किंवा मोटवानेसारख्या देशी कंपन्यांचे मीटर घेताना सुट्या लीड आणि फ्यूज मिळतील का, तेही विचारा. लीडवरही कॅट छापलेलं हवं आणि टोकाचा उघडा धातू ४ मिलिमीटरपेक्षा जास्त नको. सोसायटी किंवा कारखान्याचं काम रिपोर्टसह द्यायचं असेल, तर मेगर आणि अर्थ टेस्टर एनएबीएल मान्यताप्राप्त लॅबमधून कॅलिब्रेट करून घ्या. घरगुती फॉल्ट शोधण्याच्या क्लॅम्पवर तो खर्च करू नका.