रायफलची काडतुसं घरी भरताना: नवशिक्यांनो, या चुका टाळा

अमेरिकेत फिनिक्सला आमच्या गॅरेजमध्ये छताचा पंखा आहे. काडतुसं भरायला बसलो की तो बंद असतो. मे-जूनमध्ये हा निव्वळ छळ आहे, पण पंख्याच्या झुळकीनं तराजूचा आकडा हलतो, हे पहिल्याच महिन्यात कळलं. इथे हलणं म्हणजे फक्त दशांश चिन्हापुढचा अंक. तेवढंही चालत नाही.

इकडे याला रीलोडिंग किंवा हँडलोडिंग म्हणतात. एकदा उडालेली पितळी पुंगळी फेकून द्यायची नाही. ती डायमधून, म्हणजे पोलादी साच्यातून, दाबून मापात आणायची, बुडात नवा प्राइमर (ठोक्यानं पेटणारी टिकली) बसवायचा, मोजून दारू घालायची आणि वर गोळी बसवायची. ऐकायला सोपं आहे आणि करायलाही सोपं आहे, हीच त्यातली अडचण. टेबलावर चूक झाली तर आवाज होत नाही. ती पितळेत बंद होऊन आठ-पंधरा दिवसांनी रेंजवर (नेमबाजीच्या मैदानात), गालापासून चार बोटांवर उघडी पडते. माझी रायफल ३०८ विंचेस्टर या प्रकारचं काडतूस घेते, त्यात उडताना दाबाची मर्यादा चौरस इंचाला ६२,००० पौंड आहे. गाडीच्या टायरमध्ये बत्तीस-पस्तीस असतो. म्हणून माझी सगळी धडपड एकाच गोष्टीसाठी चालते: चूक झालीच तर ती टेबलावरच दिसली पाहिजे.

कायदा गृहीत धरणं

आपल्या लोकांच्या बाबतीत पहिली चूक इथेच होते. एच-१बी किंवा एफ-१ व्हिसावर असाल तर अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यानं तुम्हाला बंदूकच काय, काडतूसही जवळ बाळगता येत नाही. वैध शिकार परवान्यासारखे थोडे अपवाद आहेत, पण ते वकिलाला विचारून घ्या, ऑफिसातल्या मित्राला नाही. मी ग्रीन कार्ड हातात पडेपर्यंत थांबलो. स्वतःसाठी भरायला वेगळा केंद्रीय परवाना लागत नाही, विकण्यासाठी भरायचं तर लागतो. आणि हे वाचून गावाकडे प्रयोग करायचं कुणाच्या मनात येत असेल तर ते तिथेच सोडा. भारतात १९५९च्या शस्त्र कायद्यानुसार परवान्याशिवाय दारूगोळा बनवणं हा गुन्हा आहे.

ग्रेन म्हणजे दाणे समजणं

हसू नका, मी एकाला विचारताना ऐकलंय, "पंचेचाळीस दाणे मोजायचे कसे?" ग्रेन हे वजन आहे. एका पौंडात ७,००० ग्रेन, म्हणजे एक ग्रेन साधारण ६५ मिलिग्रॅम. आपल्याकडच्या सोनारी मापात सांगायचं तर ब्रिटिशांनी तोळा १८० ग्रेनांचा ठरवला होता आणि तोळ्याच्या गुंजा ९६. म्हणजे ग्रेन अर्ध्या गुंजेहून किंचित जास्त. ३०८मध्ये दारू साधारण चाळीस-पंचेचाळीस ग्रेन असते, जेमतेम तीन ग्रॅम. सुरुवातीचं आणि कमाल वजन यांत पुष्कळदा तीन-चार ग्रेनांचंच अंतर असतं. दोन गुंजा इकडे-तिकडे झाल्या की तुम्ही मर्यादेच्या पलीकडे.

इलेक्ट्रॉनिक तराजूवर ग्रॅम, ग्रेन, कॅरट बदलण्याचं बटण असतं आणि ते चुकून दाबलं जातं. रोज बसताना प्रमाण वजन ठेवून आकडा बघा, पुन्हा दर दहा पुंगळ्यांनंतर बघा. मोबाइल तराजूशेजारी ठेवू नका. त्याची दुसरीही कारणं आहेत, त्याबद्दल पुढे.

एका टेबलावर दोन दारू

मराठीत हा शब्द दुहेरी पडतो ते बरंच आहे, कारण नियम दोन्हींना लागू आहे. पिण्याची दारू टेबलाच्या आसपासही नको आणि भरण्याची एका वेळी एकच.

धूरविरहित दारूचे कितीतरी प्रकार मिळतात आणि डोळ्यांना बहुतेक सारखेच दिसतात: करड्या-काळ्या कांड्या, चकत्या नाहीतर बारीक गोळे. फरक असतो जळण्याच्या वेगात. पिस्तुलाची झपाट्यानं जळणारी दारू रायफलच्या मापानं भरली तर रायफल फुटते. नावंही फसवी आहेत. आयएमआर ४८९५ आणि एच ४८९५ या दोन वेगळ्या दारू आहेत, दोन्हींचे तक्ते, म्हणजे किती भरायची याचे आकडे, वेगळे. ४३५० हा आकडाही असाच एकाहून जास्त डब्यांवर सापडतो. त्यातल्या 'एच'मागची गोष्ट मला आवडते. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रूस हॉजडन या कॅन्ससच्या माणसानं सरकारची शिल्लक दारू विकत घेऊन किरकोळीत विकायला सुरुवात केली, तो 'एच' त्याच्या आडनावाचा. पण तक्ता बघताना गोष्ट विसरा आणि डब्यावरचं पूर्ण नाव अक्षर न् अक्षर मोठ्यानं वाचा.

माझ्याकडून घडलेली चूक सांगतो. एका शनिवारी दारू मापकाच्या (ठरलेलं माप ओतणाऱ्या उपकरणाच्या) नळीत तशीच ठेवून मी उठलो. पुढच्या शनिवारी बघतो तर नळी अर्धी भरलेली आणि फळीवर दोन डबे. तीच असणार, ९९ टक्के खात्री होती. उरलेल्या एका टक्क्यासाठी सगळी दारू मागच्या हिरवळीवर पातळ पसरून टाकली. तिच्यात नायट्रोजन असतो, गवताला चालतो. तेव्हापासून काम संपलं की मापक रिकामा होतो आणि दारू आपल्या मूळ डब्यात जाते.

तक्ता मधूनच वाचणं

नवशिक्याची नजर थेट कमाल आकड्यावर जाते. सुरुवात तक्त्यातल्या खालच्या वजनापासून करायची आणि अर्ध्या-अर्ध्या ग्रेननं वर चढायचं. फक्त कमाल दिलं असेल तर त्यातून दहा टक्के कमी. "मग आणखी कमी म्हणजे आणखी सुरक्षित" हाही गैरसमज आहे. सावकाश जळणारी दारू पुंगळीत फारच थोडी असली तर ती कशी पेटेल याचा भरवसा नसतो, म्हणून किमान आकड्याच्या खाली उतरू नका.

आकडे दारू किंवा गोळी बनवणाऱ्या कंपनीच्या तक्त्यातूनच घ्या. रेंजवर कुणी प्रेमानं सांगितलेलं माप त्याच्या रायफलचं असतं. गोळी, प्राइमर, पुंगळी यांतलं काहीही बदललं की पुन्हा खालून सुरुवात. लष्करी पुंगळ्यांचं पितळ बरेचदा जाड असतं, आतली जागा कमी होते आणि तेवढ्याच दारूला दाब वाढतो.

दारू निवडताना आणखी एक बघा: पुंगळी निम्म्याहून बरीच जास्त भरेल अशी घ्या. मग चुकून दोनदा ओतली तर ती वरून सांडते. चिमूटभर मापाची दारू दोनदा पडली तरी पोटात मावते आणि ती दिसत नाही. मी पन्नास पुंगळ्या लाकडी ठोकळ्यात उभ्या करतो आणि गोळी बसवण्याआधी विजेरी मारून प्रत्येकीत डोकावतो. सगळ्यांत पातळी सारखी दिसली पाहिजे.

वंगण विसरणं

हे सगळ्यांचंच होतं. चकलीचा सोऱ्या आतून तेल न लावता चालवला तर काय होतं ते घराघरांत माहीत आहे. तेच पितळाचं. कोरडी पुंगळी डायमध्ये शिरते, पण परत येत नाही. तुम्ही दाबयंत्राचा दांडा जोरात ओढता, कडा फाटते, पुंगळी आत राहते. मग तिच्या बुडाला भोक पाडायचं, आटे पाडायचे आणि बोल्टनं खेचून काढायचं, म्हणजे संध्याकाळ गेली. घाबरून उलट टोक गाठाल आणि वंगण थापाल, तर पुंगळीच्या खांद्यावर, म्हणजे ती मानेकडे निमुळती होते तिथे, अंगठा दाबल्यासारखे खळगे उमटतात. बोटानं पातळ थर फिरवा, आणि नंतर वंगण पुसायला विसरू नका.

पुंगळी म्हातारी झाली हे न ओळखणं

आमच्या गॅरेजमध्ये एक पेपरक्लिप आहे. ती सरळ करून तिचं टोक मी नव्वद अंशांत वाकवलंय आणि खिळ्याला टांगलीय.

पुंगळी उडताना फुगते आणि लांब होते. डाय खूप खाली बसवली तर दर वेळी तिचा खांदा गरजेपेक्षा मागे ढकलला जातो, उडताना तो पुन्हा पुढे जातो आणि ही ओढाताण बुडाशी येते. तिथलं पितळ पातळ होत जातं. शेवटी पुंगळीचे दोन तुकडे होतात, बूड बाहेर येतं आणि उरलेलं चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसायच्या जागेत) राहतं. भडकलेला वायू मागे आला तर गाठ डोळ्यांशी. चष्मा टेबलावरही हवा आणि रेंजवरही.

बाहेरून बुडापासून सेंटिमीटरभर वर चकचकीत रेघ दिसली तर संशय घ्या. मग क्लिपचं टोक आत घालून भिंतीवरून खालून वर सावकाश ओढा. चांगल्या पुंगळीत ते गुळगुळीत सरकतं. पातळ झालेल्या पुंगळीत टोक एका खाचेत पडतं, रस्त्यावरच्या चरातून सायकल जावी तसं बोटाला कळतं. असली पुंगळी पकडीनं चेपून भंगारात, म्हणजे ती परत टेबलावर येणार नाही. मुळात बोल्टच्या रायफलीत (चेंबर बंद करणारा बोल्ट हातानं मागे-पुढे करायचा असते तिच्यात) खांदा एक-दोन सहस्रांश इंचच मागे ढकला, आणि तो मोजायचं साधन पहिल्या खरेदीतच घ्या. मी ते दोन वर्षं पुढे ढकललं आणि शंभर चांगल्या पुंगळ्या वाया घालवल्या.

लांबीही बघा. ३०८ची पुंगळी २.०१५ इंचांहून लांब नको, कापायची ती २.००५वर. जास्त लांब झाली तर तोंड चेंबरच्या टोकाला चिमटलं जातं, गोळी सहज सुटत नाही, दाब चढतो.

प्राइमरशी जबरदस्ती

प्राइमर ही काडतुसातली एकमेव गोष्ट जी ठोका बसला की पेटतेच, त्यासाठीच ती बनलीय. खिशात, बाटलीत सुटे ठेवू नका, मूळ खोक्यातच राहू द्या. तो बुडाशी समतल किंवा किंचित आत बसला पाहिजे. बोट फिरवून बघा. वर राहिलेला प्राइमर एम१ गॅरंडसारख्या स्वयंचलित भरणाऱ्या रायफलीत बोल्ट आपटताच पेटू शकतो. नीट बसत नसेल तर दांड्यावर जोर लावू नका, आधी कारण शोधा: लष्करी पुंगळीत प्राइमर बसायच्या खाचेभोवतीचं पितळ बहुधा आत दाबलेलं असतं, ते काढावं लागतं. पिस्तुलाचे प्राइमर रायफलीत वापरू नका. हात धुतल्याशिवाय चहाला हात लावू नका, प्राइमरच्या काजळीत शिसं असतं.

रेंजवर काय बिघडलं, कसं ओळखायचं

बोल्ट उचलताना जड लागला, बुडावर चकचकीत ठसा उमटला, प्राइमरला भोक पडलं: थांबा. हातोडीनं बोल्ट उघडून पुढची झाडू नका. घरी जा आणि उरलेली काडतुसं फोडा, म्हणजे गोळी उपटून दारू काढून घ्या. नुसता चपटा प्राइमर मात्र भरवशाचा साक्षीदार नाही, कधी कमी दाबालाही चपटतो. आमच्याकडे उन्हाचाही हिशेब धरावा लागतो. जानेवारीत ठीक चाललेलं माप जुलैत, तासभर गाडीत भाजल्यावर, मर्यादा ओलांडू शकतं.

चाप ओढला आणि काहीच झालं नाही तर नळी लक्ष्याकडेच ठेवून पूर्ण एक मिनिट थांबा, उशिरा पेटण्याची शक्यता असते. आणि फुसका बार निघाला, म्हणजे धाड ऐवजी फुस्स, तर ते सर्वांत धोक्याचं. दारूच नसेल तर एकटा प्राइमर गोळीला नळीत ढकलून तिथे अडकवू शकतो. मागून दुसरी झाडली की नळी गेली. बोल्ट काढा, आरपार उजेड दिसतो का बघा.

साठवणुकीबद्दल थोडक्यात: दारू मूळ डब्यातच, थंड कोरड्या जागी, मुलांच्या हाताबाहेर, कुलपात, पण जाड पोलादी तिजोरीत कोंडून नाही. आग लागलीच तर कोंडलेली दारू बॉम्ब होते. आंबट झोंबणारा वास किंवा तांबूस भुकटी दिसली की तो डबा संपला.

मध्येच उठणं

फिनिक्सला रविवारी सकाळी आठ वाजतात तेव्हा पुण्यात रात्रीचे साडेआठ असतात. आईचा व्हिडिओ कॉल त्याच वेळी येतो. एकदा मी दारू भरता भरता उचलला, वीस मिनिटं बोललो, परत येऊन पन्नास पुंगळ्यांवर गोळ्या बसवल्या. आणि मग दिसलं, तराजूच्या वाटीत एक माप तसंच शिल्लक. म्हणजे एक जास्तीचं मोजलं गेलं होतं, किंवा एखादी पुंगळी रिकामी होती, किंवा फोन आला तेव्हा एकीत अर्धंच पडलं होतं. प्रत्येक काडतूस वजन केलं. अख्खी रिकामी असती तर कळली असती, चाळीस ग्रेन लपत नाहीत. पण पितळाच्या वजनातच काही ग्रेनांचा फरक असतो, त्यात थोडं कमी पडलेलं माप खुशाल लपतं.

गोळी उपटायचा एक हातोडा मिळतो. त्याच्या पोकळ डोक्यात काडतूस अडकवायचं आणि डोकं लादीवर आपटायचं, झटक्यानं गोळी निसटते. एकेक काडतुसाला चार-पाच ठोके लागले. दोन संध्याकाळी गेल्या आणि उरलेली पुढच्या रविवारी सकाळी फोडत बसलो. पन्नासही मापं बरोबर निघाली.

आता फोन आतल्या खोलीत असतो आणि बायको उचलते. त्या रविवारी मात्र तो अजून टेबलावरच होता. आईनं थोडा वेळ ठकठक ऐकली आणि म्हणाली, "सकाळी सकाळी नारळ फोडतोयस का रे?"