घरातल्या पोराला ब्लॅक सॅबथ ऐकवायचंय? मग आधी भाषण बंद करा

घरात दहा-बारा-चौदा वर्षांचं कोणीतरी आहे, स्वतःची गाणी शोधायला लागलंय, आणि तुम्हाला वाटतंय की आता याला ब्लॅक सॅबथ हा बँड ऐकवायची वेळ झाली. मस्तच. पण आपल्यातले बरेच जण सुरुवातच भाषणाने करतात, की बघ हं, हेवी मेटल इथून सुरू झालं, इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमची चार कामगार घरातली पोरं, 1970 साल, हे नसते तर पुढचं काहीच झालं नसतं, आणि तोपर्यंत समोरचं पोर कधीच फोनमध्ये घुसलेलं असतं. गाणं महत्त्वाचं आहे म्हणून ते कुणाला आवडत नाही हो. आधी रिफ, म्हणजे गिटारची ती परत परत येणारी छोटी धून, कानात जाऊ द्या, इतिहास ते स्वतःच विचारेल.

सुरुवात 'आयर्न मॅन'ने करा. पहिल्या अल्बमच्या पहिल्या गाण्यापासून क्रमाने ऐकवायचा मोह होतो, तो टाळाच, कारण ते पहिलं गाणं म्हणजे पाऊस, चर्चची घंटा आणि मग तो अंगावर येणारा संथ रिफ, मोठ्यांना भारी वाटतं पण लहान पोर एकतर घाबरतं नाहीतर कंटाळतं. 'आयर्न मॅन'चं तसं नाही. आधी नुसता ड्रमचा धप धप ठोका, मग गिटारची तार ओढून काढलेला तो घोगरा आवाज, मग रोबोटसारखा बोललेला एक माणूस, आणि मग रिफ. खरी गंमत ही की बँडचा गायक ओझी ऑझबर्न जी चाल गातो ती जवळजवळ रिफचीच चाल आहे, म्हणजे एक शब्द कळला नाही तरी पोर दुसऱ्या कडव्याला गुणगुणायला लागतं. सुपरहिरोच्या सिनेमामुळे नाव बऱ्याच पोरांना माहीत असतं, तेव्हा हे सांगून टाका की हा तो नाही. हा माणूस भविष्यात जाऊन जगाचा नाश बघून येतो, परत येताना चुंबकीय क्षेत्रात सापडून लोखंडाचा होतो, लोकांना सावध करायला जातो तर कोणी लक्षच देत नाही, मग चिडून तो स्वतःच तो नाश घडवतो. एवढी गोष्ट सांगून गप्प बसायचं. शेवटी गाणं वेग पकडतं तिथे पोराचा चेहरा बघा, काय ते कळेल.

दुसरं 'पॅरानॉइड'. पावणेतीन मिनिटांचं आहे, संपेपर्यंत कंटाळायला वेळच मिळत नाही. अल्बममध्ये जागा उरली होती म्हणून घाईघाईत बनवलेलं गाणं आणि तेच ब्रिटनमध्ये चौथ्या नंबरपर्यंत गेलं, हे ऐकून पोरांना फार मजा वाटते.

'वॉर पिग्ज'ला मात्र नीट वेळ द्या, आठेक मिनिटांचं आहे, एका जागी बसून ऐकायचं. सुरुवातीला हवाई हल्ल्याचा भोंगा वाजतो. मग पुढे एक जागा येते जिथे गिटार दोन फटके मारून थांबते, आणि ड्रमर बिल वॉर्ड नुसता हाय-हॅट (ड्रम सेटमधली झांजांची जोडी) वाजवत असतो आणि ओझी एकटा गातो, परत दोन फटके, परत शांतता. पोराला सांगा ते दोन फटके बरोबर वेळेवर टाळीने मारून दाखव. सोपं वाटतं, नाहीये. पण दोन-तीनदा ऐकलं की जमतं आणि जमलं की ते गाणं त्याचं झालं, मग तुम्ही खोलीत नसलात तरी चालतं. शब्द युद्धाच्या विरोधातले आहेत, सेनापती आणि राजकारणी आरामात बसून गरिबांना मरायला पाठवतात असे, बाराच्या पुढच्या पोराशी यावर बोलता येतं.

आता इथपर्यंत आलात की ते विचारतं, हा गिटारचा आवाज असा जड कसा काय? आता सांगा बँडचा गिटारिस्ट टोनी आयोमीची गोष्ट, याच क्षणासाठी ती राखून ठेवायची होती. सतरा वर्षांचा असताना पत्र्याच्या कारखान्यात, नोकरीच्या शेवटच्या दिवशी, मशीनमध्ये त्याच्या उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोकं गेली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात तोच. सगळं संपलं असं वाटत असताना कारखान्यातल्या फोरमनने त्याला जॅझ गिटारिस्ट जँगो राइनहार्टची रेकॉर्ड ऐकवली, जो आगीत भाजल्यानंतर डाव्या हाताच्या मुख्यतः दोन बोटांवर वाजवायचा. मग आयोमीने प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांसाठी टोप्या बनवल्या, वर चामडं चिकटवलं, हलक्या तारा लावल्या. आणि 1971 च्या 'मास्टर ऑफ रिअॅलिटी'वर काही गाण्यांत गिटार तीन अर्धस्वरांनी खाली उतरवली, तारा सैल झाल्या, दाबायला सोप्या झाल्या आणि आवाज अजून खोल गेला. लगेच त्याच अल्बमचं 'चिल्ड्रन ऑफ द ग्रेव्ह' लावा. गोष्टीनंतर लगेच गाणं, मध्ये गॅप नको.

सलग जड गाणी ऐकवली की कान थकतात, म्हणून मध्ये 'प्लॅनेट कॅरॅव्हॅन' घाला. अंतराळात तरंगत चालल्यासारखं शांत गाणं, ओझीचा आवाज फिरत्या स्पीकरमधून काढलाय म्हणून पाण्याखालून आल्यासारखा येतो. मेटल म्हणजे नुसता आरडाओरडा असं ज्याला वाटतं त्या आजी-आजोबांनाही हे चालतं, घरात कुणी कुरकुरत असेल तर उपयोगी पडेल.

सैतानाचा प्रश्न येणारच, पोराकडून नाही आला तर घरातल्या मोठ्यांकडून येतो. बँडने भीतीदायक सिनेमासारखं संगीत करायचं ठरवलं होतं, नावही 1963 च्या एका भयपटावरूनच घेतलं. बहुतेक शब्द बास वाजवणाऱ्या गीझर बटलरने लिहिलेत, त्यांत सैतानाची भीती आहे, पूजा नाही, 'आफ्टर फॉरएव्हर' तर सरळ देवाच्या बाजूने बोलतं. ड्रग्जचं मात्र लपवू नका. 'स्वीट लीफ' गांजाबद्दल आहे, सुरुवातीचा खोकला आयोमीचा, 'स्नोब्लाइंड' कोकेनबद्दल, आणि याच सगळ्यापायी 1979 मध्ये ओझीला बँडमधून काढलं. लहान असेल तर ही दोन गाणी सध्या राहू द्या, मोठं असेल तर 'हँड ऑफ डूम'सोबत ऐकवा, त्यात हेरॉइनने माणसाचं काय होतं ते आहे. म्हणजे दोन्ही बाजू त्यांच्याच तोंडून.

आवाजाचं एक. पहिल्यांदा हेडफोनवर नको, स्पीकरवर एकत्र ऐका, आणि नंतर हेडफोन दिलात तर फोनमध्ये व्हॉल्यूमची मर्यादा लावून द्या. लहान मुलांसाठी जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला 40 तास आणि 75 डेसिबल एवढंच सांगते. आयोमीचा रिफ कमी आवाजातही जडच वाटतो, त्यात काही कमी होत नाही.

बँड अजून आहे का असं विचारलं तर सांगा की 5 जुलै 2025 ला बर्मिंगहॅमच्या व्हिला पार्क या फुटबॉल मैदानावर चौघे मूळ मेंबर शेवटचे एकत्र वाजले, ओझीने सिंहासनावर बसून गायलं, आणि 22 जुलैला तो गेला. त्या कार्यक्रमाच्या क्लिप दाखवायच्या असतील तर आधी नाही, तीन-चार गाणी ओळखीची झाल्यावर दाखवा, नाहीतर पोराला एक थकलेला म्हातारा माणूस दिसतो फक्त.

पुढे तुम्ही निवडायचं बंद करा. तालाचं वेड असेल तर ते स्वतः 'सिम्प्टम ऑफ द युनिव्हर्स'पर्यंत पोचेल, बास आवडला तर 'एन.आय.बी.'. आणि एखाद दिवशी ते येऊन म्हणेल की मला ओझीपेक्षा त्याच्या जागी आलेला गायक, 1980 च्या 'हेवन अँड हेल'वाला डिओ जास्त आवडतो. तुमचं मत काहीही असो, तिथे वाद घालू नका, त्याला तो अल्बम पूर्ण लावू द्या.