आंब्याची साइट गणपतीपर्यंत उभी करा

दर फेब्रुवारीत एखाद्या बागायतदाराचा फोन येतो. मार्चअखेर पेट्या सुटतील, साइट करून द्या, ‘हापूस आंबा ऑनलाइन’ टाकलं की आपण वर दिसलो पाहिजे. तोवर उशीर झालेला असतो. एसइओचं, म्हणजे गूगलच्या शोधात साइट वर आणण्याच्या कामाचं, फळ दिसायला साधारण ४ महिने ते १ वर्ष लागतं, असं गूगलच्याच २०१७ मधल्या एका व्हिडिओत सांगितलं होतं. एप्रिलचं गिऱ्हाईक हवं असेल तर साइट गणपतीपर्यंत उभी हवी.

नव्या साइटला गूगल मुद्दाम मागे ठेवतं का, हा ‘सँडबॉक्स’चा वाद २००४ पासून चालू आहे. गूगलची माणसं नाही म्हणत आली. २०२४ मध्ये फुटलेल्या गूगलच्या अंतर्गत कागदपत्रांत मात्र ताज्या स्पॅमला, म्हणजे फसव्या, भरताड साइटना, आवरण्यासाठी ‘होस्टएज’ (साइटचं वय) नावाची एक नोंद दिसली. मला त्याहून साधं कारण मोठं वाटतं. ‘हापूस आंबा ऑनलाइन’ या शब्दांवर मोठी किराणा ॲप्स आणि जुने विक्रेते ठाण मांडून बसलेत, आणि आपल्या साइटवरून तुमच्या साइटला लिंक देणारं अजून कुणीच नाही.

डोमेन, म्हणजे साइटचं नाव, नवं घ्या. साइट जुनी वाटावी म्हणून दुसऱ्याचं मुदत संपलेलं डोमेन घेऊ नका. असा वापर मार्च २०२४ पासून गूगलच्या धोरणानुसार स्पॅम ठरतो. साइट वर्डप्रेस या साइट बनवायच्या सॉफ्टवेअरवर असेल, तर सुरू झाली की आधी त्याच्या ‘रीडिंग’ सेटिंगमध्ये जा. माझ्या ओळखीच्या एका बागायतदाराच्या साइटवर दोन महिने गूगलवरून एकही माणूस आला नव्हता. तिथे सर्च इंजिनांना दूर ठेवणाऱ्या चौकटीत टिक होती, बनवणाऱ्याने काम चालू असताना केलेली आणि विसरलेली. काका स्क्रीनवर बोट ठेवून म्हणाले, “एवढ्यासाठी?” ऐन मोसमाचे दोन महिने होते ते.

मग सर्च कन्सोल या गूगलच्या मोफत साधनात साइटमॅप, म्हणजे साइटवरच्या पानांची यादी, द्या. पान सापडलंय पण इंडेक्स झालेलं (गूगलच्या नोंदीत आलेलं) नाही, असा शेरा आठवडेच्या आठवडे दिसेल. रोज इंडेक्स करण्याच्या विनंतीचं बटण दाबून काही होत नाही.

खरी मेहनत पानांवर घ्या, आणि ‘हापूस’ या एका शब्दाचा नाद पहिल्या वर्षी सोडा. गिऱ्हाईक फोनवर जे विचारतं तेच लिहा. पेटीत किती डझन, पिकवायला पेंढ्यात आढी कशी लावायची, पायरी आणि हापूस ओळखायचा कसा, बाहेरून सुरेख दिसणाऱ्या फळात साका, म्हणजे आतला खराब, स्पंजासारखा गर, का निघतो. साक्यावर लिहायला विक्रेते कचरतात, म्हणून तिथे गर्दी कमी आहे. साका निघाला तर तुम्ही फळ बदलून देता का, हेही त्याच पानावर स्पष्ट लिहा. डिसेंबर-जानेवारीत मोहोराचे स्वतःच्या बागेतले फोटो टाका. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे, पालघर या जिल्ह्यांच्या हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन (जीआय) मिळालं. तुमची नोंदणी असेल तर प्रमाणपत्र दाखवा.

लिंका विकत घेऊ नका, गूगलने शोधाच्या पद्धतीत केलेल्या २०१२ च्या ‘पेंग्विन’ बदलाने अशांचंच कंबरडं मोडलं होतं. गावातल्या होमस्टेवाल्याने, तुमच्याकडून दरवर्षी पेट्या नेणाऱ्या दुकानाने आपल्या साइटवर तुमचं नाव दिलं तरी सुरुवातीला पुरे.

आणि जूनमध्ये आंब्याचे भाव लिहिलेलं पान पुसू नका. पानाचा वेब-पत्ता तोच ठेवा, वर ‘यंदाचा मोसम संपला, पुढच्या वर्षासाठी नंबर नोंदवा’ एवढं लिहा. मार्चमध्ये त्याच पानावर नवे भाव चढवा.