चालायची आवड असेल तर आधी किनारा बघा, रिसॉर्ट नंतर

बीच रिसॉर्ट शोधताना आपण सगळे आधी रूम बघतो, पूल बघतो, मग रेटिंग. पण ज्याला सकाळी उठून दोन-तीन तास पाण्याकडेने चालत सुटायचंय त्याने हे सगळं बाजूला ठेवून आधी मॅप उघडावा, सॅटेलाइट व्ह्यू लावावा आणि रिसॉर्टच्या दोन्ही बाजूंना वाळू सलग किती लांब जाते ते मोजावं. मॅपवर अंतर मोजायची सोय असतेच. एका बाजूला तरी सलग 4-5 किलोमीटर मिळाले तर जाऊन-येऊन 8-10 होतात, म्हणजे सकाळ सार्थकी लागली. मध्ये खडक, जेटी, संरक्षक भिंत किंवा खाडीचं मुख आलं की तिथे तुमचं चालणं संपलं असं समजा.

खाडीचं जरा जास्तच सांगते, कारण मी फसलेय. एकदा ओहोटीला गुडघाभर पाण्यातून खाडी ओलांडून पलीकडे गेलो, किनारा इतका सुंदर की वेळेचं भानच राहिलं नाही, परत आलो तर तेच पाणी कमरेच्या वर आणि ओढ अशी की पाय टिकेना. शेवटी रस्त्याने लांबचा वळसा घालून आलो. भरती लागली की पाणी सुरुवातीला हळू चढतं, पण तिसऱ्या-चौथ्या तासात सगळ्यात झपाट्याने, त्या दोन तासांत जवळजवळ निम्मी भरती होऊन जाते. त्यामुळे आत्ता तर घोट्याएवढंच पाणी आहे या भरवशावर खाडी ओलांडू नका.

आता तारखा. बहुतेक किनाऱ्यांवर दिवसातून दोनदा ओहोटी येते आणि रोज साधारण 50 मिनिटं पुढे सरकते. म्हणजे या आठवड्यात ओहोटी भर दुपारी असेल तर पुढच्या आठवड्यात ती सकाळी लवकर मिळते. बुकिंगच्या आधी त्या जागेचं भरती-ओहोटीचं टाइमटेबल बघा आणि पहाटे-सकाळी ओहोटी येते असे दिवस पकडा. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, तेव्हा ओहोटीला पाणी खूप आत जातं, चालायला भलंमोठं मैदान मिळतं, पण भरतीला तेवढंच वर चढतं आणि अरुंद किनारा अख्खा गिळून टाकतं. अष्टमीच्या सुमाराला भांगाची भरती, फरक कमी. भूमध्य समुद्रासारख्या ठिकाणी तर बहुतेक जागी हा फरक जेमतेम फूटभर, तिथे टाइमटेबलचं एवढं टेन्शन नाही.

एवढा आटापिटा कशाला तर पायाखालच्या वाळूसाठी. नुकतंच पाणी ओसरलेली ओली वाळू टणक असते, पाऊल टाकलं की टाचेभोवती क्षणभर कोरडं वर्तुळ उमटतं आणि पाय रुतत नाही. वर कोरड्या भुसभुशीत वाळूत चाललात तर सपाट रस्त्याच्या दुपटीहून जास्त ताकद लागते, पिंडऱ्या बोलायला लागतात. किनारा कसा असेल याचा अंदाज फोटोवरूनसुद्धा येतो, बारीक वाळूचे किनारे सहसा पसरट असतात आणि जाडसर वाळू किंवा गोट्यांचे उताराचे. उतारावर एक पाय सतत खाली पडतो, गुडघे-कंबर दुखत असेल तर असा किनारा नकोच. आणि फोटो रिसॉर्टने टाकलेले नाही, पाहुण्यांनी टाकलेले बघा, भरतीच्या वेळचा एखादा सापडला तर सोन्याहून पिवळं.

रूमचं मला फार काही म्हणायचं नाही. फक्त ‘सी व्ह्यू’ म्हणजे समुद्र दिसतो एवढंच, उतरून वाळूवर जायला वाट आहे का, मध्ये हायवे तर नाही ना, पाय धुवायला बाहेर नळ आहे का, आणि नाश्ता उशिरापर्यंत मिळतो का, हे फोन करून विचारा. त्याच फोनवर हेही विचारा की ‘पूर्ण भरतीला तुमच्यासमोर चालण्याइतकी वाळू उरते का, आणि पहाटे गेट उघडं असतं का?’ समोरचा माणूस लगेच नीट सांगू शकला तर तिथला किनारा त्यांना ठाऊक आहे, नुसतं ‘हो हो, बीच समोरच आहे’ असं आलं तर मी दुसरं रिसॉर्ट बघते.

पोचल्यावर पहिल्या दिवशी वाऱ्याची दिशा बघा. जाताना वारा तोंडावर घ्या, म्हणजे येताना दमलेलं असताना तो पाठीशी असेल. निघायचं ओहोटीच्या तास-दीड तास आधी, आणि पाणी वळलं की आपणही वळायचं.