पायलट व्हायचंय? आधी रंग तपासा, आणि खिडकीपाशी तपासा

इंदूरला राजवाड्यापासून हाकेच्या अंतरावर माझं चष्म्याचं दुकान आहे. दरवर्षी बारावीचा निकाल लागला की दोन-चार मुलं आईबाबांना घेऊन येतात. कुणी फ्लाइंग क्लब बघून आलेलं असतं, कुणी ग्राउंड क्लासची, म्हणजे पायलटच्या लेखी परीक्षेच्या क्लासची, फी भरून. फी भरून आलेल्यांचा मला राग येतो. नंबर असेल तर चष्मा लावता येतो, पण रंग ओळखता येत नसतील तर त्याला चष्मा नाही, आणि पायलटच्या मेडिकलला, म्हणजे वैद्यकीय तपासणीत, तिथेच अडकतं. म्हणून पैसे मोजायच्या आधी हे करून घ्या.

पहिलं काम घरातच. आजोबा, म्हणजे आईचे वडील, किंवा सख्खे मामा रंगांत गोंधळतात का, हे आईला विचारा. लाल-हिरव्याचा हा दोष एक्स गुणसूत्रावरून येतो, म्हणून आईकडून मुलाकडे उतरतो आणि आईला स्वतःला बहुधा काहीच जाणवत नाही. ‘बाबा कच्चे टोमॅटो उचलून आणायचे’ असं एखादी बाई हसत सांगते, तेव्हा मी मात्र हसत नाही.

पुढचं काम इशिहारा चाचणी. जपानी नेत्रतज्ज्ञ शिनोबू इशिहारा यांनी 1917 मध्ये काढलेली ती ठिपक्यांची पानं, रंगीत ठिपक्यांत लपलेला आकडा ओळखायचा. मोबाइलवर करू नका. स्क्रीनचा रंग कमी-जास्त झालेला असतो, रात्रीचा पिवळा मोड चालू असतो. कंप्युटरवरून छापून आणलेले कागदही तसेच. खरं पुस्तक लागतं, तेही न विटलेलं. पानाला बोट लावू देऊ नका, तेलकट डाग कायमचा राहतो. काही पानांवर आकड्याऐवजी रेघ असते, ती गिरवायची तर कोरड्या ब्रशने. काम झालं की पुस्तक मिटून कपाटात.

आता उजेड. मी स्वतः इथेच आपटलो. दुकान नवं होतं तेव्हा एका संध्याकाळी सुदामा नगरातला एक मुलगा वडिलांबरोबर आला. टेबलावर पिवळा बल्ब होता. मुलाने थोडं अडखळत का होईना, पण पानं वाचली आणि मी म्हणालो, “बिनधास्त जा.” वडिलांनी क्लासची फी भरली. मेडिकलला मुलगा रंगांवर अडकला. परत आले तेव्हा सकाळ होती. मी त्याला खिडकीपाशी बसवलं आणि ज्यावर चौऱ्याहत्तर हा आकडा असतो ते पान उघडलं. तो शांतपणे म्हणाला, “एकवीस.” लाल-हिरव्याचा दोष असणाऱ्यांना तिथे एकवीसच दिसतात. वडील काही बोलले नाहीत. चष्म्याची दांडी सैल झाली होती ती घट्ट करून घेतली, पैसे टेबलावर ठेवले आणि गेले.

पिवळ्या दिव्याखाली हिरव्याचा सौम्य दोष असणारे काहीजण निसटून जातात, हे मी त्यानंतर नीट वाचलं. म्हणून सकाळी दहा-अकराला उत्तरेच्या खिडकीपाशी बसा. पानावर थेट ऊन नको, खोलीतला दिवा बंद. पुस्तक डोळ्यांपासून 75 सेंटिमीटरवर, नजरेला काटकोनात. प्रत्येक पानाला तीन सेकंद. “थांबा काका, दिसतंय” असं म्हणत मान तिरकी करणाऱ्या मुलाचं पान मी चुकलं असंच धरतो. आणि आकडे इंग्रजीत म्हणायला सांगा. आपल्या मुलांचे तीन सेकंद एकोणतीस की एकोणचाळीस यातच जातात, आणि मग डोळ्यांचा दोष नसताना आईचा जीव टांगणीला लागतो.

38 पानांच्या पुस्तकात पहिल्या 21 पानांवर निकाल ठरतो: 17 किंवा जास्त बरोबर तर नॉर्मल, 13 किंवा कमी तर दोष. हा हिशेब पुस्तकाचा. मेडिकल करणारे डॉक्टर त्यांच्या नियमाने बघतील. पहिल्या पानावरचे बारा सगळ्यांनाच दिसतात, त्यावर पेढे वाटू नका.

पानं पाठ करून जाणारेही भेटतात. डॉक्टर पानं उलटसुलट दाखवतात, तिथेच भांडं फुटतं. कुणाचे मामा मुलाला संध्याकाळी विमानतळाजवळच्या बिजासन टेकडीवर नेऊन विमानांचे दिवे ओळखायला लावतात. विमानाचा डावा दिवा लाल आणि उजवा हिरवा हे एकदा कळलं की डोळ्यांची गरजच उरत नाही, मग परीक्षा कसली? रंगीत लेन्सचा नाद तर सोडाच. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार पायलटच्या कॉन्टॅक्ट लेन्स बिनरंगी असाव्या लागतात.

पानांवर चुका झाल्या तर रडारड नको, पण फीसुद्धा नको. याच नियमांत पुढची पायरी आहे, लँटर्न चाचणी. अंधारात छोटे लाल, हिरवे, पांढरे दिवे दाखवतात आणि रंग सांगायचा असतो. सौम्य दोषाचे काहीजण यात पास होतात. ती चाचणी हौस म्हणून नाही. रेडिओ बंद पडला तर टॉवर दिव्यानेच बोलतो: हवेत असताना स्थिर हिरवा म्हणजे उतरा, स्थिर लाल म्हणजे दुसऱ्या विमानाला वाट द्या आणि घिरट्या घालत राहा. धावपट्टीजवळ ‘पापी’ (PAPI) नावाचे, उतरताना उंची दाखवणारे चार दिवे असतात; दोन पांढरे, दोन लाल दिसले तर उंची बरोबर. चारही लाल म्हणजे विमान फार खाली आलंय.

बाकीचं सोपं आहे. आधी डीजीसीएच्या, म्हणजे विमान वाहतुकीच्या सरकारी खात्याच्या, यादीतल्या डॉक्टरकडे क्लास 2 मेडिकल, मग क्लास 1 मेडिकल. क्लास 1 चं सर्टिफिकेट हातात पडल्यावर फी भरा. आणि मेडिकलच्या आदल्या दिवशी सराफ्याच्या खाऊगल्लीत रात्री एकपर्यंत खात बसू नका, लघवीची तपासणीही असते.