स्थलांतरित बालपणावर लिहिताना

ज्यांचे बालपण एका घरात आणि एका शाळेत गेले, त्यांना आठवणी ओवायला आयता धागा मिळतो. विंचवासारखे बिऱ्हाड पाठीवर घेऊन वाढलेल्यांना तो आधी वळावा लागतो. म्हणून प्रथम मुक्कामांची यादी करावी: कोठे राहिलो, कोणत्या इयत्तेत होतो, निघण्याचे कोणी ठरवले आणि आपल्याला कारण काय सांगितले गेले. शाळा सोडल्याचे दाखले, लसीकरणाची कार्डे आणि जुन्या पत्रांवरील टपालाचे शिक्के यांवरून तारखा पक्क्या करता येतात.

नुसत्या स्मरणावर विसंबणे धोक्याचे आहे. १९८६ साली अमेरिकेच्या चॅलेंजर अंतराळयानाचा स्फोट झाला, तेव्हा ती बातमी आपल्याला कशी कळली हे अमेरिकेतील काही विद्यार्थ्यांकडून दुसऱ्याच दिवशी लिहून घेण्यात आले होते; अडीच-तीन वर्षांनी त्यांपैकी अनेकांनी तितक्याच खात्रीने वेगळी हकिकत सांगितली. तरीही चुकलेली आठवण टाकून देऊ नये. दाखल्यावर उन्हाळ्यातील तारीख आणि मनात मात्र कडाक्याची थंडी असेल, तर बहुधा दोन स्थलांतरे एकमेकांत मिसळलेली असतात, आणि ती का मिसळली हाच लिहिण्याचा विषय होऊ शकतो.

आठवण ज्या भाषेत घडली, त्याच भाषेत तिचे पहिले टिपण करावे. मानसशास्त्रज्ञ व्हिओरिका मरियन आणि उल्रिक नायसर यांच्या २००० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, रशियन व इंग्रजी जाणणाऱ्या स्थलांतरितांना रशियनमध्ये विचारल्यावर रशियन बोलत असतानाचे प्रसंग अधिक आठवले, तर इंग्रजीत विचारल्यावर इंग्रजी बोलत असतानाचे. अंतिम मसुदा एकाच भाषेत झाला तरी या टिपणांचा उपयोग होतो.

माझ्या मते या बालपणातील सर्वांत कसदार साहित्य दुभाषेपणात असते. नवी भाषा मुलाला आईवडिलांच्या आधी येते, आणि दवाखान्यात, शाळेत, घरमालकापुढे बोलणे त्याच्यावर येऊन पडते. तेथे ते काय सांगायचे, काय गाळायचे, कोणता शब्द सौम्य करायचा हे क्षणात ठरवते. लेखकाचे काम याहून फारसे वेगळे नसते. असा एक प्रसंग तीनदा लिहून पाहावा: डॉक्टर काय म्हणाले, मुलाने घरच्या भाषेत काय सांगितले आणि आईने त्यातून काय समजून घेतले. शिक्षकांनी केलेली स्वतःचीच तक्रार आपण वडिलांना कशी ऐकवली होती, तेही आठवावे. (स्थानकावरचा निरोप इतक्यांनी लिहिला आहे, की तो सर्वांत शेवटी घेतला तरी चालेल.)

लिहिताना मुलाला त्या वयात जेवढे ठाऊक होते, तेवढेच त्याच्या तोंडी ठेवावे. कर्ज, दंगल किंवा वडिलांची गेलेली नोकरी ही कारणे पुढे कळली असतील, तर ती प्रौढ निवेदकाने स्वतंत्रपणे सांगावीत. नातेवाइकांना वेगवेगळे गाठून बारीक प्रश्न विचारावेत: सामान कोणी बांधले, काय मागे राहिले, किल्ली कोणाकडे दिली. सगळे एकत्र बसले, की सर्वांत मोठ्या आवाजातली हकिकत खरी ठरते.

संपूर्ण आत्मकथनाला लगेच हात घालू नये. एका स्थलांतरावरचा एकच लेख पुरा करून तो नियतकालिकाकडे पाठवावा. मात्र त्याआधी त्यात आलेल्या हयात माणसांना तो दाखवावा, आणि एखाद्याच्या वास्तव्याची कागदपत्रे अजून अपुरी असतील, तर त्याची ओळख पटेल असे नाव, ठिकाण आणि साल बदलावे.