नवे ग्राफिक्स कार्ड पैसे वसूल आहे का, हे कसे ताडावे

सप्टेंबर २०२२ मध्ये एनव्हिडियाने आरटीएक्स ४०८० या एकाच नावाची दोन कार्डे जाहीर केली. एक १६ जीबीचे, १,१९९ डॉलरचे. दुसरे १२ जीबीचे, ८९९ डॉलरचे. दोहोंत फरक केवळ मेमरीचा नव्हता, आतली चिपच निराळी होती. टीकेची झोड उठल्यावर ऑक्टोबरमध्ये कंपनीने धाकटे कार्ड मागे घेतले आणि जानेवारी २०२३ मध्ये तीच चिप, तेच ७,६८० कोर (चिपमधली गणना करणारी एकके) आणि तीच १९२ बिटची मेमरी बस (चिप आणि मेमरी यांमधला माहितीचा मार्ग) घेऊन ते आरटीएक्स ४०७० टीआय या नावाने ७९९ डॉलरला बाजारात आणले. कार्ड तेच होते. नाव एक पायरी उतरले आणि किंमत शंभर डॉलरने. नावातला आकडा कंपनीच्या मर्जीचा असतो, त्यामुळे ‘मागच्या पिढीतल्या ६० (जसे ३०६०) ला आताचे ६० (जसे ४०६०)’ अशी तुलना करून काही हाती लागत नाही. तुलना किमतीपासून सुरू करावी: जेवढी रक्कम आपण मोजणार आहोत, तेवढ्यात मागच्या पिढीत काय मिळत होते आणि आज प्रतिस्पर्धी काय देत आहे, हे दोनच प्रश्न आधी विचारावेत.

हे प्रश्न न विचारल्यास काय होते, याचे उदाहरण मोठ्या ४०८० मध्येच आहे. आरटीएक्स ३०८० हे २०२० मध्ये ६९९ डॉलरला आले होते. ४०८० त्याच्यापेक्षा ४के रिझोल्यूशनवर (म्हणजे पडद्यावर खूप जास्त ठिपके असताना) साधारण दीडपट वेगवान होते, आणि बहुतेक जाहिरातींचा भर अर्थातच या वेगावर होता. पण किंमत मात्र ७१ टक्क्यांनी चढली होती. दोन वर्षे थांबलेल्या माणसाला एका फ्रेममागे (फ्रेम म्हणजे पडद्यावर उमटणारे एक चित्र) आधीपेक्षा जास्तच पैसे द्यावे लागत होते. याउलट आरटीएक्स ३०६० टीआय आणि ४०६० टीआय (८ जीबी) या दोघांची जाहीर किंमत ३९९ डॉलरच होती, म्हणजे वरवर पाहता ग्राहकाचे काहीच गेले नाही. पण मेमरी बस २५६ बिटवरून १२८ बिटवर आली आणि बँडविड्थ, म्हणजे मेमरीतून माहिती ये-जा करण्याचा वेग, सेकंदाला ४४८ जीबीवरून २८८ जीबीवर. ही तूट चिपमधल्या मोठ्या कॅशने (चिपच्या आतली जलद मेमरी) भरून काढायची, अशी योजना होती. १०८०पी या कमी रिझोल्यूशनवर ती बऱ्यापैकी साधते. रिझोल्यूशन वाढले की कॅशमध्ये मावेल त्यापेक्षा जास्त माहिती लागते आणि नव्या कार्डाची आघाडी विरत जाते. विजेचा वापर २०० वॅटवरून १६० वॅटवर आला, ही मात्र खरी सुधारणा होती आणि ती मान्य करायला हवी.

आता हिशेब. अनेक परीक्षणांत ‘एका फ्रेमची किंमत’ दिलेली असते: कार्डाची किंमत भागिले सरासरी एफपीएस (दर सेकंदाला मिळणाऱ्या फ्रेम). ती उपयोगी आहे, पण ज्याच्याकडे आधीपासून कार्ड आहे त्याची तिच्यामुळे दिशाभूल होऊ शकते. समजा, ‘अ’ कार्ड ३०० डॉलरला ७५ फ्रेम देते आणि ‘ब’ कार्ड ४०० डॉलरला ९०. ‘अ’ची फ्रेम ४ डॉलरला पडते, ‘ब’ची सुमारे ४.४४ डॉलरला, म्हणून ‘अ’ स्वस्त ठरते. पण तुमचे जुने कार्ड त्याच खेळात ६० फ्रेम देत असेल, तर त्या ६० फ्रेमचे पैसे तुम्ही कधीच चुकते केलेले आहेत. नव्याने विकत घेताय ते फक्त वरचे. ‘अ’ घेतल्यास ३०० डॉलरमध्ये १५ फ्रेम वाढतात, म्हणजे वाढीव फ्रेम २० डॉलरला पडते. ‘ब’ घेतल्यास ४०० डॉलरमध्ये ३० वाढतात, म्हणजे सुमारे १३ डॉलरला. निकाल उलटला. जुने कार्ड विकून १०० डॉलर येणार असतील तर ते दोन्हीकडून वजा करावेत, आकडे अनुक्रमे सुमारे १३ आणि १० होतील, पण क्रम तोच राहील. छोट्या-छोट्या पायऱ्यांनी दर पिढीला कार्ड बदलणे सर्वांत महाग का पडते, ते या हिशेबात स्पष्ट दिसते.

हिशेबात घ्यायच्या फ्रेम मात्र निवडून घ्याव्या लागतात. परीक्षणातले आकडे आपल्या मॉनिटरच्या रिझोल्यूशनचेच असावेत, आणि सरासरीबरोबर ‘एक टक्का लो’ (सर्वांत संथ एक टक्का फ्रेमांचा वेग) हा आकडाही पाहावा, कारण खेळताना बसणारे झटके सरासरीत लपतात. फ्रेम जनरेशनने, म्हणजे कृत्रिम फ्रेम भरून, वाढलेला आकडा या भागाकारात अजिबात धरू नये. जानेवारी २०२५ मध्ये ५४९ डॉलरचे आरटीएक्स ५०७० हे १,५९९ डॉलरच्या ४०९० इतके चालते, असा दावा मंचावरून करण्यात आला. त्यात दोन खऱ्या फ्रेमांच्या मध्ये कृत्रिम फ्रेम भरण्याचे तंत्र गृहीत धरलेले होते. अशा फ्रेमांनी चित्र गुळगुळीत दिसते, पण माउस हलवल्यापासून पडद्यावर परिणाम दिसेपर्यंतचा वेळ त्याने कमी होत नाही. आधीच ६०-७० खऱ्या फ्रेम मिळत असतील तर ती चांगली जोड आहे. २५ मिळत असतील तर आकडा फुगतो आणि हाताला जडपणा जाणवत राहतो. अपस्केलिंगबाबत (कमी रिझोल्यूशनवर काढलेले चित्र मोठे करण्याबाबत) आणखी एक काळजी घ्यावी. एनव्हिडियाच्या डीएलएसएस ४ या तंत्रातले सुधारित अपस्केलिंग आरटीएक्स २० मालिकेपासूनच्या सर्व कार्डांना मिळाले. जी सोय जुन्या कार्डालाही मिळते, तिचे श्रेय नव्या कार्डाच्या खात्यात जमा करू नये.

मेमरीचा मुद्दा मी सर्वांत गंभीर मानतो, कारण इतर उणिवा सेटिंग उतरवून सोसता येतात, पण अपुरी मेमरी कार्डाचे आयुष्यच आखडते. आरटीएक्स ४०६० चे उदाहरण घ्या. त्याची स्वतःची ८ जीबी मेमरी सेकंदाला २७२ जीबी वेगाने वाचता येते. खेळाचे टेक्स्चर (वस्तूंच्या पृष्ठभागांची चित्रे) त्यात मावले नाही, की उरलेले मुख्य रॅममध्ये जाते आणि तिथून पीसीआय एक्सप्रेस या कार्ड-मदरबोर्ड जोडणीच्या मार्गाने ये-जा करते. या कार्डाला त्या मार्गाच्या फक्त ८ लेन आहेत. मदरबोर्ड पीसीआय एक्सप्रेस ४.० चा असेल तर त्या सेकंदाला सुमारे १६ जीबी वाहून नेतात, जुना ३.० चा असेल तर ८ जीबीच. २७२ च्या जागी ८! त्या क्षणी खेळ अडखळतो, किंवा काही खेळ स्वतःहून टेक्स्चरचा दर्जा उतरवतात. तेव्हा एफपीएसचा आकडा चांगला दिसतो आणि भिंती मात्र धूसर होतात. एएमडी या प्रतिस्पर्धी कंपनीच्या आरएक्स ६५०० एक्सटीला तर चारच लेन आणि ४ जीबी मेमरी होती, त्यामुळे ज्यांच्या जुन्या संगणकासाठी ते स्वस्त कार्ड सोयीचे वाटत होते, त्यांनाच ते सर्वांत जास्त जाचले. २०२५ मधल्या आरटीएक्स ५०६० टीआय आणि आरएक्स ९०६० एक्सटी या दोन्ही कार्डांत ८ आणि १६ जीबीच्या जाहीर किमतींत फरक फक्त ५० डॉलरचा होता. एवढ्या फरकात ८ जीबी निवडण्याला मला समर्थन दिसत नाही.

खोक्यावरचे नाव सारखे म्हणून माल सारखा, असेही समजू नये. जीटी १०३० ची जीडीडीआर५ आणि डीडीआर४ अशी मेमरीच्या प्रकारानुसार दोन रूपे विकली गेली. दुसऱ्याची बँडविड्थ पहिल्याच्या सुमारे एक तृतीयांश होती. आरटीएक्स ३०५० च्या ६ जीबी रूपात मेमरीबरोबर कोरही कमी आहेत.

प्रतिस्पर्ध्याशी तुलना करताना भागाकाराच्या पलीकडे जावे लागते. आरएक्स ९०७० एक्सटी मार्च २०२५ मध्ये ५९९ डॉलरला १६ जीबीसह आले, तर १६ जीबीच्याच आरटीएक्स ५०७० टीआयची जाहीर किंमत ७४९ होती. केवळ खेळांसाठी हा दीडशे डॉलरचा फरक भरून निघणे कठीण. पण ब्लेंडरसारख्या त्रिमितीय चित्रणाच्या सॉफ्टवेअरमध्ये किंवा कुडावर (एनव्हिडियाच्या कार्डांसाठीच्या प्रोग्रामिंग प्रणालीवर) बेतलेल्या कामात ज्याचे पोट आहे, त्याला तो रास्त वाटू शकतो. इंटेलच्या आर्क बी५८० ने डिसेंबर २०२४ मध्ये २४९ डॉलरला १२ जीबी देऊन सगळ्यांना चकित केले, मात्र त्याला रिसायझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम गाठता येण्याची सोय) चालू असलेला मदरबोर्ड लागतो आणि जुन्या प्रोसेसरबरोबर त्याचा वेग घसरतो. परीक्षणे बहुधा सर्वांत तगड्या प्रोसेसरवर होतात. आपला प्रोसेसर जुना असेल, तर तशाच यंत्रावरची चाचणी शोधावी, नाहीतर स्वस्त कार्ड कागदावरच स्वस्त राहते.

किंमत म्हणजे खरेदीच्या दिवशीची प्रत्यक्ष किंमत. जाहीर किंमत केवळ तुलनेचा पाया म्हणून वापरावी. पॉवर सप्लाय बदलावा लागणार असेल, तर त्याचा खर्च कार्डातच मिळवावा. विजेचा फरक अनेकदा वाढवून सांगितला जातो: १७० वॅटच्या ३०६० ऐवजी ११५ वॅटचे ४०६० रोज तीन तास चालवले, तर वर्षाकाठी सुमारे ६० युनिट वाचतात. आपल्या दराने गुणून पाहावे आणि मगच त्याला महत्त्व द्यावे. सेकंडहँड कार्डाला वॉरंटीची कसर म्हणून सरळ वजावट मागावी. माझ्या मते ते नव्याच्या पाऊण किमतीपेक्षा महाग असेल तर घेऊ नये.

कार्ड घरी आले की परत करण्याची मुदत संपण्यापूर्वी जीपीयू-झेड हे कार्डाची माहिती दाखवणारे सॉफ्टवेअर उघडून मेमरीचा प्रकार, बसची रुंदी आणि पीसीआय एक्सप्रेसच्या लेन तपासाव्यात. जोडणीच्या वेगाचा आकडा कार्डावर भार टाकूनच वाचावा, कारण रिकाम्या वेळी कार्ड वीज वाचवण्यासाठी जोडणीचा वेग स्वतःहून खाली आणते आणि पाहणारा उगाच घाबरतो.